काळूच्या घाटाची वाट

टिटवाळ्याच्या पलीकडे, काळू नदीच्या कडेला गोविंदा भोईरची भातशेती होती. ती बिल्डरला देताना त्याने एकच अट घातली होती: शेतातून नदीवरच्या स्मशानाकडे जाणारी गावाची वाट मोकळी राहायला हवी. बिल्डर तोंडी हो म्हणाला. मग शेतावर 'नीलतीर'च्या उंच इमारती उभ्या राहिल्या, वाट कंपाउंडच्या आत गेली आणि गेटवर पाटी लागली: बाहेरच्यांना प्रवेश नाही.

पावसाळा संपता संपता गोविंदा वारला. अंगणात तिरडी बांधून झाली तेव्हा पुतण्या नयन म्हणाला, "काकी, गाडीनं हायवेवरून नेऊ. कशाला तंटा?"

गोविंदाची बायको कमळाबाई तिरडीपाशी उभी होती. "त्याचा बापूस ह्याच वाटंनी गेला, आईस पन ह्याच वाटंनी," ती म्हणाली. "हा पन जाईल."

"गेट उघडनार नाय ते."

तिने नयनच्या हातातलं विस्तवाचं मडकं घेतलं आणि चालू लागली. त्यांच्यात बायका स्मशानात जात नाहीत. पण तिला कोणी अडवलं नाही.

गेटवर गावचाच प्रितम वॉचमन होता. तिरडी पाहून त्याने मान खाली घातली आणि मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर राकेश धावतच आला.

"मावशी, समजून घ्या. आत लहान मुलं खेळतात, लोकांना बरं वाटत नाही."

"आतमंदी कुनी मरत नाय का?"

"तसं नाही. पण जमीन तर तुम्हीच विकलीत ना?"

"शेत इकला. वाट नाय इकली. वाट गावाची हाय. जी माझी नाय ती मी कशी इकू?"

राकेशने खिशातून फोन काढला. "मग मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलव. तवर हा हितंच थांबंल."

तिने खूण केली. खांदेकऱ्यांनी तिरडी बॅरियरसमोर टेकवली. बाहेर निघालेल्या गाड्या मागे अडकल्या. आधी हॉर्न वाजले, मग पुढे काय आहे ते दिसलं तसे थांबले. मुलगी दर्शना आईच्या कानाशी वाकली. "आई, बाबांना असं रस्त्यावर नको ना ठेवू."

"बाबा रस्त्यावर नाय. सोताच्या बांधावर हाय."

अडकलेल्या स्कूटरवरून एक बाई उतरून पुढे आली. मृणाल तिचं नाव, दुसऱ्या इमारतीत राहायची. "यांना दुसरा रस्ता नाही का?" तिने विचारलं.

"हाच व्हता, मॅडम," प्रितम म्हणाला.

"फ्लॅट घेताना हे आम्हाला कोणी सांगितलं नाही." ती राकेशकडे वळली. "उघडा."

"कमिटीला विचारल्याशिवाय मी कसं..."

त्याचं बोलणं संपायच्या आत प्रितमने बॅरियर वर केला. टोपी काढून केबिनच्या खिडकीत ठेवली आणि येऊन तिरडीला खांदा दिला.

स्विमिंग पूलच्या कडेने, क्लबहाउससमोरून गोविंदा नदीवर गेला. वरच्या काही खिडक्या लागल्या. काही गॅलऱ्यांत माणसं हात जोडून उभी राहिली. कमळाबाईने वर पाहिलं नाही. मडक्याची धग हाताला लागत होती, तरी तिने ते घाटापर्यंत कोणाकडे दिलं नाही.

प्रितमची नोकरी गेली. कमिटीने नोटीस काढली की असा प्रकार पुन्हा चालणार नाही. गावाने तहसीलदाराकडे अर्ज केला, तो अजून तसाच पडून आहे.

पण बारावं झाल्यावर कमळाबाई रोज सकाळी त्याच वाटेने नदीवर जायला लागली. तिच्यामागे ठमाबाई, मग रंभा, मग सगळी आळी. गावातले जुने लोक म्हणतात, वहिवाट मोडली की वाट मरते. नव्या वॉचमनने पहिले काही दिवस हात आडवा घातला. बायका त्याच्या बाजूने निघून गेल्या. मग तो चहा प्यायला जाऊ लागला, नेमका त्याच वेळेला.

एकदा राकेशने तिला क्लबहाउससमोर गाठलं. "मावशी, रोज नदीवर असं काय काम असतं तुम्हाला?"

"काय नाय," कमळाबाई म्हणाली. "नुसती वाटंनी चालतंय." आणि ती पुढे गेली.