श्यामरावांची वामकुक्षी

धाकट्या नलिनीचं लग्न झालं ते १९७४ साल. कन्यादानाचं पाणी सोडताना श्यामरावांचा हात इतका कापला, की थोरल्या जयप्रकाशला वडिलांचं मनगट धरावं लागलं. त्यानंतर कंपवात लपवता येईना. कलकत्त्याच्या गार्डन रीच भागातल्या रेल्वे कचेरीत ज्या हाताने जन्मभर नकाशे काढले, त्या हाताला घास धरवेना. रात्री जयप्रकाशची बायको श्यामला त्यांना भरवायची आणि म्हातारा तिच्याकडे न बघता गिळायचा.

जयप्रकाश कलकत्त्यातल्याच एका औषधांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. पोटात फुगून अन्नावर तरंगणारी, जठरातच थांबून कंपवाताचं औषध हळूहळू सोडणारी गोळी तिथे तयार होत होती. डॉक्टरांच्या संमतीने त्याने ती वडिलांना, आप्पांना, सुरू केली. पेल्यात तरंगणारी गोळी बघून आप्पा म्हणाले, "आम्ही गणपती बुडवत आलो, तू तरंगवायला निघालास!"

दुपारच्या जेवणावर घेतलेली गोळी रात्रीपर्यंत पुरायला हवी होती. पण दिवेलागणीलाच हात पुन्हा कापू लागे. पेल्यात मात्र तीच गोळी रात्रीपर्यंत वर राही. जयप्रकाश गोळीचं मिश्रणच बदलत राहिला.

एकदा बंदमुळे तो दुपारी घरी होता. आप्पा जेवून डाव्या कुशीवर पहुडले होते.

"आप्पा, रोज असेच निजता?"

"मग? वामकुक्षी काय उजवीकडे करतात? आजोबांपासूनची रीत आहे."

"जठराचं खालचं तोंड उजवीकडे असतं. तुम्ही डावीकडे निजलात की ते वर येतं. तरंगणारी गोळी आधी तिथेच पोचते आणि पुढे निसटते."

"वा! गोळी तुझी पळपुटी, आणि दोष माझ्या कुशीला?"

"दोष नाही. पण रात्रीचा घास तुमच्या हातात हवा ना, आप्पा?"

आप्पा उठून बसले. मग म्हणाले, "श्यामला, खुर्ची मांड. हातांची नको, घोरेन तिच्यात."

तेव्हापासून जेवल्यावर ते ताठ बसू लागले. डुलकी आली की स्वतःवरच खेकसत. थोड्या दिवसांनी एका रात्री त्यांनी सुनेचा हात बाजूला केला. वरण सांडलं, भात सांडला. पण घास तोंडात गेला. श्यामला मीठ आणायच्या निमित्ताने उठली.

ती गोळी बाजारात आली नाही. कारखान्याने ते काम बंद केलं. उरलेल्या गोळ्या जयप्रकाशने मागून आणल्या, त्या दोन पावसाळे पुरल्या. शेवटी शेवटी श्यामला पुन्हा भरवू लागली, तेव्हा आप्पा तिच्याकडे बघून जेवत.

श्यामराव ७ फेब्रुवारी १९७७ रोजी, सोमवारी सकाळी वारले.