न झिजलेली पँट

तिने पँट उलटी केली, बसायच्या जागेत मूठ घातली आणि खिडकीतल्या उजेडासमोर धरली. उजेड आरपार येईना. कापड जाड होतं, वीण घट्ट होती. हंगामाच्या सुरुवातीला तिने शिवून दिली होती तशीच्या तशी. तिने पँट मांडीवर घेतली आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसतीच बसून राहिली.

दुसऱ्या एखादीला नवऱ्याची पँट टिकली याचा आनंद झाला असता. हिने पँट पुन्हा उचलली आणि एखादा तरी विरलेला धागा सापडतो का ते शोधू लागली.

डोंगराच्या धारेवर एक जागा अशी होती, की तिथे भल्याभल्यांची मिजास उतरायची. दोन्ही अंगांना सरळ कडा, मधे हातभर रुंदीचा दगड. तिथून उभ्याने कुणी जात नसे. दोन्हीकडे पाय सोडून बसायचं आणि तळहातांवर भार देत पुढे सरकायचं. सगळे त्या जागेला घोडा म्हणत. तिचा नवरा डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांना दोराला बांधून धारेवर न्यायचा आणि सुखरूप परत आणायचा. हाच त्याचा धंदा. घोड्याचा दगड कानशीसारखा खरखरीत, त्यामुळे त्याच्या पँटला बुडाशी ठिगळ ठरलेलं. लग्न झाल्यापासून तिने ती ठिगळं इतकी लावली होती, की डोळे मिटून आकार कापला असता. यंदा अर्धा हंगाम सरला तरी एकही नाही.

म्हणजे हा घोड्यावर बसतच नव्हता. मग रोज पहाटे दोर खांद्याला अडकवून हा जात होता तरी कुठे?

"वहिनी, उद्याचे चौघं नक्की झाले हं," पुढच्या खोलीतून नणंद म्हणाली. फोनवर बुकिंग घेण्याचं काम तिच्याकडे होतं आणि फोन वाजत नसेल तेव्हा साऱ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचंही. ती दारात आली. तिने पँटकडे बघितलं, मग वहिनीच्या तोंडाकडे. "काय गं, काय झालं?"

"काही नाही. अजून फाटली नाही, म्हणून बघत होते."

"दादा हल्ली फारच नीटनेटका येतो घरी. लग्नाआधीसुद्धा इतका नव्हता." नणंद हसली आणि लगेच जीभ चावली. "मी आपलं गमतीनं म्हटलं हं!"

गमतीनं म्हटलं खरं, पण काडी पडायची ती पडली.

त्या संध्याकाळी तिने डोळ्यांत तेल घालून नवऱ्याकडे बघितलं. पूर्वी तो धारेवरून आला, की कसं झालं विचारल्यावर "झालं" एवढंच म्हणायचा. ताटावरच पेंगायचा. आता मात्र गोष्टीवर गोष्ट. कुठल्या पाहुण्याचे पाय कसे लटपटले, कोण बाई घोड्यावर बसून कशी रडली, मग त्याने काय सांगितलं, मग ती कशी हसली. ऐकताना तिला वाटलं, इतकं नीट कोण सांगतं? दमलेला माणूस असं रंगवून सांगत नाही.

"आणि घोडा कसा होता आज?" तिने विचारलं.

"घोडा? घोडा कसा असणार. दगड तो." त्याने पाण्याचा पेला उचलला, रिकामा आहे हे बघून खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

तो अंघोळीला गेल्यावर तिने त्याची सॅक उघडली. आपण हे करतोय याची तिला लाज वाटली, पण हात थांबले नाहीत. सॅकचा डावा पट्टा तिनेच यंदा हंगामाच्या तोंडाशी दुहेरी दोऱ्याने शिवला होता. मुळासकट उपटून आला होता तो. "जरासा घसरलो," असं म्हणून तेव्हा तो हसला होता. आत थर्मास होता, त्याचा नेहमीचा कप होता आणि टॉवेलात गुंडाळलेला, स्वच्छ धुतलेला निळा कप होता. फडताळातून नाहीसा झालेला. तो फुटला असेल असं समजून तिने शोधायचंही सोडून दिलं होतं.

एक माणूस दोन कपांतून कॉफी पीत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, यात आता शंकाच उरली नाही.

सकाळी तो बूट चढवत असताना तिने त्याचे हातमोजे सॅकच्या खिशातून काढले आणि आपल्या शिवणाच्या डब्यात टाकले. कुणी वाटेत हटकलंच, तर सांगायला कारण हवं. हे हातमोजे विसरून गेले ना, द्यायला आले. तो गेला. खालच्या रस्त्यावर चौघं पाहुणे हेल्मेट घालून फोटो काढत उभे होते. त्यांचा घोळका झाडीत शिरल्यावर तिने डब्यातून हातमोजे घेतले आणि जुने बूट घालून निघाली.

"बाजारात जाऊन येते," ती नणंदेला म्हणाली.

"डोंगरावर बाजार भरतो वाटतं," नणंदेने मान वर न करता म्हटलं.

वाट तिला ठाऊक होती. झाडी संपली की सुट्या दगडांचा चढ, चढ संपला की खिंड, आणि खिंडीपासून धार सुरू. चढताना तिचा ऊर धपापत होता, निम्मा दमाने आणि निम्मा रागाने. काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. एवढी वर्षं तुझी पँट शिवली ती यासाठी का? नाही, हे फार रडकं झालं. सरळ त्या बाईलाच विचारायचं. पण काय विचारायचं?

कारण बाई असणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. आणि खिंडीत बाई होती.

एका मोठ्या दगडाआडून तिने बघितलं. बाई तिशीतली होती, उन्हाने रापलेली, केस कुरळे. ती त्याच्या शेजारी बसून निळ्या कपातून कॉफी पीत होती. पाहुणे पलीकडे बसून खात होते. बाई काहीतरी बोलली, तो हसला. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहू दिला.

दगडामागे हिचे कान तापले. पाऊल पुढे पडणारच होतं, तेवढ्यात बाई उठली. तिने त्याच्या खांद्यावरचा दोर काढून आपल्या खांद्यावर घेतला.

"चला मंडळी," ती पाहुण्यांना म्हणाली. "इथून पुढे मी नेते. हे खिंडीत थांबून आपल्यावर लक्ष ठेवतील. तसं ठरलंय आमचं."

तिने एकेकाला दोराला बांधलं, प्रत्येकाची गाठ ओढून बघितली आणि धारेवर पाऊल टाकलं. चौघं तिच्यामागून गेले.

तो खिंडीत उरला. लक्ष ठेवायचं होतं ना? त्याने धारेकडे पाठ केली. गुडघे पोटाशी घेतले आणि दोराचा एक तुकडा हातात घेऊन गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली. घोड्याच्या बाजूने एका पाहुण्याची किंकाळी आली आणि पाठोपाठ सगळ्यांचं हसणं. किंकाळी ऐकताच त्याने दोर टाकला, दोन्ही हातांनी बसल्या जागचा दगड घट्ट धरला आणि हसण्याचा आवाज विरला तरी तो सोडला नाही.

तिला तो पट्टा आठवला. सॅकचा पट्टा नुसत्या घसरण्याने उपटत नाही. त्याला लटकलेल्या माणसाचं अख्खं वजन लागतं. ती रोज जाड कापड शिवत होती, तिला हे कळायला नको होतं का? तिने दोरा ओवला होता, पट्टा शिवला होता आणि एका शब्दाने विचारलं नव्हतं.

बाईचं काही असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. भांडता तरी आलं असतं. तिला रडू फुटलं, आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून तिने त्याचेच हातमोजे तोंडावर दाबून धरले. मग आली तशी ती खाली उतरली.

संध्याकाळी तो आला तेव्हा नणंदही घरात होती, मुद्दाम थांबलेली.

"काय रे दादा, आज वारा होता म्हणे वर?"

"वारा? विचारू नकोस." त्याने सॅक खाली ठेवली. "घोड्यावर तर बोटं बधिर झाली. हातमोजे होते म्हणून निभावलं."

हातमोजे शिवणाच्या डब्यात होते. तिने डब्याचं झाकण लावलं.

तो आत गेल्यावर नणंद जवळ सरकली. "मग? लागला का छडा?"

"कसला?"

"आता माझ्यापासून लपव हं. बाजारातून रिकाम्या हाताने आलीस ती!"

"कुठे पाणीबिणी मुरत नाहीये," ती म्हणाली. "तुझ्या दादाला पँट जपून वापरायची अक्कल आली, एवढंच. ऊठ आता, मला काम आहे."

नणंदेचा विश्वास बसला नाही, पण ती उठली. ती गेल्यावर हिने दार लोटून घेतलं. चांगलं जाड कापड निवडून दोन ठिगळं कापली, पँट उलटी केली आणि बुडाशी, नेहमीच्या जागी, नेहमीच्या आकाराची, दुहेरी दोऱ्याने शिवून टाकली. मशीन बराच वेळ चालू होतं.

सकाळी तो पँट चढवून स्वयंपाकघरात आला आणि बसता बसता थबकला. त्याचा हात मागे गेला. बोटांनी एक ठिगळ चाचपलं, मग दुसरं. काहीतरी करायचं म्हणून त्याने खिशात हात घातला, तर हाताला हातमोजे लागले. त्याने ते बाहेर काढले आणि बघत राहिला.

कॉफी उकळत होती. ती पाठमोरी होती.

"फाटली नव्हती ही," शेवटी तो म्हणाला.

"माहीत आहे."

तो खुर्चीवर बसला. धारेवर जाणाऱ्या माणसासारखा नाही, चालून चालून घरी पोचलेल्या माणसासारखा बसला. त्याने तोंडावरून हात फिरवला. तिने थर्मास काठोकाठ भरला आणि झाकण घट्ट फिरवलं. त्याच्या सॅकमध्ये त्याचा कप ठेवला, शेजारी निळा कप ठेवला. मग फडताळातून आपला कप काढला, पुसला आणि त्या दोघांच्या मधे बसवला.

तेव्हा कुठे त्याने खाली बघितलं. तिच्या पायांत बूट होते.