ठकूची पहिली पत्रावळ

मी पत्रावळ्या दाबायची एक जुनी मशीन आहे. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुम्ही माझे मित्र आहात की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका वर्कशॉपातला. वर एक साचा, खाली एक साचा, मध्ये काडीने टाचलेली पळसाची पानं. साचा तापला की दांडा ओढायचा, दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचा. शहापूरच्या एका बचत गटाने मला घेतलं. दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. हळदीकुंकू वाहिलं, फोटो निघाले. मग स्वस्त कागदी प्लेटा आल्या आणि मी आटगावच्या एका गोठ्यात गोणपाटाखाली जाऊन पडले. माझ्यावर कोंबड्या बसत.

तिथून देवकीताईंनी मला आणलं. वैशाखरे गावाच्या पुढे एका वाडीच्या टोकाला त्यांचं घर आहे. तिथे अकरा मोठी माणसं राहतात. कुणी पंचविशीचं, कुणी पन्नाशीचं. त्यांना एखादी गोष्ट समजायला, शिकायला जास्त वेळ लागतो. आईबाप गेले किंवा थकले, म्हणून ती इथे आली. दर्शना माझा दांडा ओढायला शिकली. त्यात तिचा अख्खा पावसाळा गेला, पण शिकल्यावर तिची एकही पत्रावळ फाटली नाही. धिप्पाड हनुमान पानं पुसून द्यायचा. एकेक पान पाच-पाच वेळा.

वाडीला हे घर नको होतं. शेजारच्या शेताचा मालक अनंता रोज कुंपणाशी येऊन ओरडायचा, "येड्यांची वस्ती हितं नको! आमच्या पोरांची लग्नं ठरनार नायत!" कधी पायरीवर शेण पडलेलं असे. पाण्याचा पाइप तर दोनदा कापला गेला.

तरी देवळाच्या भंडाऱ्याला देवकीताईंनी सहाशे पत्रावळ्या पाठवल्या. चार दिवस दर्शनाने दांडा सोडला नाही. भंडाऱ्याच्या दुपारी अनंता चार जणांना घेऊन आला आणि सगळे गठ्ठे अंगणात आपटले.

"यांच्या लाळेच्या पानावर आमी जेवनार नाय!"

दर्शनाने दोन्ही हात पुढे केले. "धुतले. साबण लावला."

"लांब हो!" म्हणत अनंताने गठ्ठ्यावर पेटती काडी टाकली. सुकी पानं ती, भडकलीच. हनुमानाने जाळात हात घातले. देवकीताई ओढून काढेपर्यंत त्याने सात पत्रावळ्या वाचवल्या होत्या आणि दोन्ही तळवे भाजून घेतले होते. कुंपणापलीकडून सगळी वाडी बघत होती. पाण्याची बादली कुणी आणली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी काठी टेकत अंगणात आली. अनंताची आई बाईजा. तिने चाळिशीच्या एका बाईला हाताला धरून आणलं होतं. बाईचे केस कसेबसे कापलेले, डोळे उन्हाला मिटलेले. एका घोट्याभोवती दोरीचा काळा वळ.

"ही ठकू. माजी लेक. अनंताची थोरली बहीन."

देवकीताई बघतच राहिल्या. सहा वर्षं शेजारी राहून त्यांनी हे नाव ऐकलं नव्हतं.

"इतके दिवस कुठं होती?"

"मागं, गोठ्याशेजारच्या खोलीत. सून आली तवापासून." बाईजाचा आवाज खरखरीत होता. "माजे गुडघे गेले. माज्यामागं हिला पानी कोन देल? तुमच्या त्या मानसाला जाळात हात घालताना बघितलं मी. पानासाठी जो हात भाजून घेतो, तो माज्या पोरीवर हात नाय टाकनार. पाया पडायला नाय आले मी. ठेवनार का नाय ते बोला."

"ठकूला विचारते," देवकीताई म्हणाल्या.

ठकू माझ्याजवळ आली आणि तिने दांडा धरला. दर्शना मोजू लागली, ठकूने ओढला. पत्रावळ वाकडी आली, एक कड करपली. ठकूने ती छातीशी धरली आणि जेवायलासुद्धा खाली ठेवली नाही. त्या दिवसापासून ती इथेच राहिली.

दोन दिवसांनी अनंता आला तेव्हा बाईजा लेकीजवळच बसली होती.

"चल घरला! लोकं माज्या तोंडावर थुकतात!"

त्याने ठकूचं मनगट धरलं. तिने माझा दांडा धरला. तो इतका ओढत होता की मी पायासकट हलले.

"तिला विचार," देवकीताई म्हणाल्या.

"हिला काय कळतंय? येतेस का गो?"

"नाय," ठकू म्हणाली.

तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला शब्द. अनंताचा हात वर गेला. पट्ट्या बांधलेले हात घेऊन हनुमान मध्ये येऊन उभा राहिला. अनंता आईवर उखडला, "तू घरात पाय ठेवू नको!"

"घर माज्या नावावर हाय," बाईजा म्हणाली. "जायचं तर तू जा."

अनंता गेला. तो सुधारला वगैरे नाही, मित्रांनो. कुंपणाशी येऊन अजून शिव्या देतो. वाडी आमच्या पत्रावळ्या घेत नाही, त्या मुरबाडला जातात. पण ठकूच्या घोट्याला दोरी नाही. दहापर्यंत मोजताना ती सातावर अडकते, आणि दर्शना थांबते.

आता तुमच्याशी बोलते. वाढदिवसाला केळी वाटायला आणि यांच्यासोबत फोटो काढायला येऊ नका. माझ्या सांध्यात तेल कुणी घातलं नाही, तरी मी लोखंड आहे, चालेन. माणसाचं तसं नसतं. पाहुण्यांना घरातली माणसं सांगताना तुमच्याकडून कुणाचं नाव राहतं का? राहत असेल, तर मला मित्र म्हणण्याआधी उठा आणि त्या खोलीची कडी काढा.