चौथ्या पानावरचा खुलासा

"दवाखान्याला कुलूप आहे," इस्त्रीवाली म्हणाली आणि तिनं वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा टेबलावर ठेवला. "गेल्या गुरुवारी होतं, आजही आहे. आत्ता बघूनच आले."

ताईंनी चष्मा लावला. बातमी त्यांनीच लिहिलेली होती. नव्या दवाखान्याचं उद्घाटन नगराध्यक्षांच्या हस्ते उत्साहात संपन्न, डॉक्टर दिवसभर उपलब्ध, नागरिकांकडून समाधान व्यक्त. शेजारी फीत कापतानाचा फोटो.

"बुधवारी छापून आलं. गुरुवारी दुपारी काम करता करता ह्यांच्या उजव्या अंगाला मुंग्या आल्या, जीभ जड झाली. मोठं हॉस्पिटल पार त्या टोकाला. म्हटलं, नवा दवाखाना जवळ आहे, तिथं नेऊ. दोन तास पायरीवर बसून होतो. वाटलं, डॉक्टर जेवायला गेले असतील. पेपरवाले खोटं कशाला लिहितील?"

"आता कसे आहेत?"

"जिवंत आहेत. उजवा हात गेला, वाचा गेली. मोठे डॉक्टर म्हणाले, उशीर केलात." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आधीच आटलं असावं. "मला काही नको तुमच्याकडनं. तिथं कुलूप आहे, एवढं छापा. काल शेजारीण सासऱ्यांना घेऊन निघाली होती, मी वाटेतून परत फिरवली. मी एकटी किती जणांना अडवत बसू?"

ती गेली. ताईंनी तो तुकडा पुन्हा वाचला.

एकतीस वर्षं त्या हे चौथं पान सांभाळत होत्या. बक्षीस समारंभ, निरोप समारंभ, कुणाची सुवर्णपदकं, कुणाच्या हरवलेल्या पिशव्या. गावात त्यांना संपन्नताई म्हणत, कारण त्यांच्या लेखणीखाली आलेला कार्यक्रम उत्साहात संपन्न झाल्याशिवाय राहत नसे. वीज जावो, वक्ता न येवो, श्रोत्यांत आयोजकांचीच बायकामुलं असोत. खणात तयार मजकूर असायचा. उद्घाटनाचा एक, वर्धापनदिनाचा एक, पाहुण्यांच्या नावाची जागा मोकळी. त्यात लबाडी आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. सगळेच कार्यक्रम एका साच्यातले, मग बातमीनं कशाला भाव खावा? उद्घाटनाच्या मंगळवारी त्यांचा गुडघा धरला होता. फोटोग्राफरला पाठवलं, फोटो आला, मोकळी जागा भरली, पान छापायला सुटलं.

दुखरा गुडघा घेऊन त्या आता दवाखान्यावर गेल्या. फितीचा अर्धा तुकडा दाराच्या कडीला लोंबत होता. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं, मग खिडकीतून आत डोकावलं. चार भिंती, रंगाचे रिकामे डबे आणि कोपऱ्यात एक शिडी. खाट नाही, खुर्ची नाही. नागरिकांनी समाधान नेमकं कशाबद्दल व्यक्त केलं होतं, ते ताईंना तिथं कुठं दिसेना.

संपादकांच्या खोलीत त्या न विचारता शिरल्या. संपादक म्हणजे दिवंगत मालकांचे चिरंजीव. त्यांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या बातम्याही ताईंनीच लिहिल्या होत्या, अर्थात उत्साहात.

"ताई, दुःख मलाही झालं," सगळं ऐकून ते म्हणाले. "पण कुलूप आपण लावलंय का? आपण आपलं निमंत्रणपत्रिकेत होतं ते छापलं."

"मी छापलं. न जाता, न बघता."

"अहो, सगळेच तसं करतात. नगराध्यक्षांना दुखवून आपल्याला गावात राहायचंय का? महिनाभरात होईल सुरू दवाखाना."

"महिनाभरात किती माणसं त्या पायरीवर बसतील?"

"चौथं पान लोकांच्या आनंदाचं पान आहे, ताई. त्यावर असलं काही नको. आणि हे माझं शेवटचं."

ताईंना राग आला. एकतीस वर्षांत त्या इथे रागावल्या नव्हत्या, सवयच नव्हती, त्यामुळे आधी कानच तापले. मग त्या बाहेर आल्या, टेबलाशी बसल्या आणि लिहायला लागल्या. खणातला एकही कागद त्यांनी काढला नाही.

पान लावणारे काका त्यांच्याच वयाचे. त्यांनी मजकूर वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"साहेबांनी बघितलंय?"

"नाही म्हणालेत."

"ताई, मला नातवंडं आहेत हो."

"मी गळ्यात मारलं म्हणून सांगा. खोटं नाहीच ते. निरोप समारंभाची बातमी काढा, तिथं हे लावा. आणि खाली माझं नाव टाका, आडनावासकट."

"चौथ्या पानावर नाव नसतं."

"म्हणूनच इतकी वर्षं निभावलं."

काकांनी संगणकाच्या पडद्यावर चौथं पान उघडलं. मग त्यांनी निरोप समारंभ उचलून बाहेर टाकला.

सकाळी सातला फोन वाजला. ताईंच्या यजमानांनी उचलला, ऐकलं आणि हात लांब धरून त्यांच्याकडे दिला. "तुझा मालक आहे. फोनच्या बाहेर येतोय."

उद्याच्या अंकात 'चुकीच्या माहितीवरून लिहिले' असं छापा, मग कामावर या, नाहीतर येऊ नका, असं संपादकांचं म्हणणं होतं.

"माहिती बरोबर आहे. कुलूप मी हातानं ओढून बघितलंय," ताई म्हणाल्या. "येत नाही मी." आणि फोन ठेवला.

यजमान चहा ठेवायला उठले. "बरं झालं," ते म्हणाले. "भीती वाटतेय, पण बरं झालं."

दहा वाजता ताई अंक घेऊन इस्त्रीच्या दुकानात गेल्या. इस्त्रीवाली दोन्ही हातांनी जड इस्त्री ओढत होती. नवरा बाकावर टेकून बसला होता, उजवा हात मांडीवर पडलेला. तिनं इस्त्री उभी केली, पदराला हात पुसले, अंक त्याच्यापुढे पसरला आणि मोठ्यानं वाचलं:

"गेल्या बुधवारी याच पानावर नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाची बातमी दिली होती. ती मी कार्यक्रमाला न जाता लिहिली. दवाखाना बंद आहे. आत खाट नाही, डॉक्टर नाही. या बातमीवर विसंबून तिथे गेलेल्या एका रुग्णाला उपचार मिळण्यास उशीर झाला आणि त्याचे कायमचे नुकसान झाले. कुणीही तिथे रुग्ण नेऊ नये, थेट मोठ्या रुग्णालयात जावे."

तिनं आभार मानले नाहीत. ताईंना ते नकोच होते.

नवऱ्यानं डावा हात हळूहळू पुढे आणला. बोट मजकुरावरून घसरत खाली आलं आणि नावावर थांबलं. त्यानं मान वर करून या अनोळखी बाईकडे पाहिलं.

ताईंनी नजर हलवली नाही. "हो," त्या म्हणाल्या. "मीच ती."