गोठ्यातली टाकी

पळसबर्डीचे सरपंच सदाशिवराव यांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. आपण कधी चुकत नाही हा एक, आणि चुकलोच तर कोणाला कळू देत नाही हा दुसरा. सरकारच्या एकाच पत्रानं दोन्ही उतरवले. तसं पत्र आनंदाचं होतं. पाण्याची टाकी मंजूर, निधी मंजूर, आराखडाही मंजूर. फक्त सोबतच्या नकाशावर टाकीची जागा दाखवणारा लाल ठिपका बरोब्बर सदाशिवरावांच्या गोठ्यात पडला होता.

त्यांच्या बायकोनं, देवकाबाईंनी, चष्मा लावून नकाशा दोनदा पाहिला.

"म्हशीच्या डोक्शावर टाकी बांधून राह्यले का हो तुमी?"

"तू गप्प बस. सरकारची काहीतरी चूक झाली असन," असं ते म्हणाले खरे. पण चूक कोणाची, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

हिंगणीच्या पुढं, जंगलाच्या कडेला असलेलं हे गाव दोन तुकड्यांचं. बर्डीच्या टेकाडाखाली मुख्य गाव, तिथं घरोघरी नळ. बर्डीवर चाळीस घरांची वस्ती, टोला, तिथं नळाचा पत्ता नाही. वरच्या बाया सकाळी खालच्या विहिरीवरून पाण्याचे पितळी गुंड भरायच्या आणि चढ चढायच्या, तीन-तीन, चार-चार खेपा. बर्डीवर टाकी झाली की हे सगळं संपणार होतं. त्यासाठी सरकारनं काय दिलं नाही? पैसे दिले, इंजिनिअर दिली, अर्ज कसा करायचा याचं वर्ध्याला दोन दिवसांचं प्रशिक्षणसुद्धा दिलं, जेवणासकट. अक्कल तेवढी ज्याची त्यानं घरून न्यायची होती.

घोळ झाला तो त्या जेवणात. प्रशिक्षण द्यायला समीक्षा मॅडम होत्या, पाणीपुरवठ्याच्या तरुण इंजिनिअर. जेवणं चालू असतानाच त्यांनी माइक हातात घेऊन तीनदा बजावलं: "जागेचा फोटो ॲपमधूनच काढा आणि तिथंच उभं राहून पाठवा. जिथून पाठवाल, तीच जागा धरली जाईल." तिन्ही वेळा सदाशिवराव बाहेरच्या मांडवात होते. जिलबी-मठ्ठ्याच्या रांगेत, दुसऱ्यांदा.

गावी परतल्यावर ते ऐटीत बर्डीवर गेले, जागेसमोर कंबरेवर हात ठेवून फोटो काढवला. वर फोनला रेंज नव्हती. रेंज येते गावात एकाच ठिकाणी, त्यांच्या गोठ्यातल्या गव्हाणीवर उभं राहिलं की. तिथं चढून त्यांनी फोटो पाठवला. म्हैस बघत होती, तिनं शेपटीही हलवली होती म्हणे. तिला तेव्हाच शंका आली असावी, यांना आली नाही.

आठवडाभरात समीक्षा मॅडम आखणीसाठी टेप घेऊन आल्या. फोनवर जागा पाहत पाहत थेट गोठ्यात शिरल्या आणि शेणात पाय पडल्यावर थांबल्या.

"सरपंचसाहेब, इथं टाकी?"

तोवर कुंपणाबाहेर अर्धं गाव गोळा झालं होतं. गंमत अशी, की सरपंच चुकले असं एकाच्याही मनात आलं नाही. चुकत नाही म्हणून त्यांनीच सात वर्षं सांगितलं होतं ना! लोकांनी सरळ हिशेब मांडला: सरपंचांनी टाकी घरात ओढली. लबाड माणूस, पण डोकं पाहा कसं चाललं! आणि सदाशिवरावांचा निर्लज्जपणा बघा, त्यांना हे ऐकून आतून थोडं बरंसुद्धा वाटलं. लबाड म्हटलं तर चालेल, भोट-बावळट म्हणू नये कोणी.

तेवढ्यात वरच्या टोल्यातल्या अनुसयाबाई भरलेला गुंड घेऊन रस्त्यानं चालल्या होत्या. त्या थांबल्या. गुंड खाली ठेवला असता तर पुन्हा उचलावा लागला असता, म्हणून डोक्यावर तसाच ठेवून बोलल्या.

"सरपंच, तुमच्या म्हशीले नळ अन् आमाले बर्डी, असं का जी?"

उत्तराची वाट न पाहता त्या चढाला लागल्या. सदाशिवरावांना खरोखर लाज वाटली. लबाड असण्यातली सगळी मजा गेली.

गर्दी पांगल्यावर समीक्षा मॅडमनी ओसरीवर बसून समजावलं. "दोन रस्ते आहेत काका. ॲप बिघडलं होतं म्हणाल, तर तक्रार मुंबईला जाईल, चौकशी होईल. ती मार्चच्या आत संपणार नाही आणि निधी परत जाईल. चूक तुमची असेल, तर कारण स्पष्ट लिहा, ग्रामसभेत वाचा, ठराव पाठवा. जागा आठ दिवसांत बदलून देते."

"कारण असं थोडं मोघम लिवलं तं?"

"लिहून बघा," त्या हसून म्हणाल्या.

सदाशिवरावांनी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव.' मॅडमकडून कागद परत आला: कोणतं तांत्रिक कारण? मग लिहिलं, 'अनवधानाने.' परत आला: अवधान कुठे होते? तिसऱ्यांदा त्यांनी ग्रामसेवकाकडं, प्रफुलकडं, आशेनं पाहिलं.

"तुह्या नावावर टाकू का रे?"

"मी त्या दिवशी प्रशिक्षणाले नव्हतोच साहेब. हजेरीपटावर तुमची सही हाये."

शेवटी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत, झेंडावंदनाचा पेढा तोंडात असतानाच, सदाशिवराव उभे राहिले. त्यांनी वाचलं, "प्रशिक्षणात सूचना दिली जात असताना मी दुसऱ्यांदा जिलबी घ्यायला गेलो होतो. त्यामुळे ती ऐकली नाही. फोटो बर्डीवर काढला, पण पाठवला गोठ्यातून. चूक माझी एकट्याची आहे."

मग पुढं बसलेले नत्थूजी, गावातले सगळ्यात म्हातारे सभासद, कानामागं हात धरून म्हणाले, "किती खाल्ल्या?"

"सात," सदाशिवराव म्हणाले. एकदा लाज सोडली की आकडा कशाला लपवायचा!

सभा इतकी हसली की मागच्या भिंतीवरची पाल पळाली. प्रफुल बेटा इमानदार, त्यानं इतिवृत्तात अक्षर न् अक्षर उतरवलं: 'नत्थूजींनी किती असे विचारले असता सरपंचांनी सात असे सांगितले.' ठराव गेला. आठव्या दिवशी लाल ठिपका गोठ्यातून उठून बर्डीवर जाऊन बसला. वर उंची आयतीच होती, त्यामुळे टाकीला खांबही लागले नाहीत. एप्रिल संपता संपता टोल्यातल्या नळांना पाणी आलं.

एक मे रोजी सकाळी नऊला पुढची ग्रामसभा भरली. पहिला विषय नेहमीचाच, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय 'वाचलं असं समजावं' म्हणून अर्ध्या मिनिटात उरकायची गावाची रीत. सदाशिवरावांनी या वेळी तर प्रफुलला घरी बोलावून, चहा पाजून, तसं बजावलं होतं. जिलबी पुन्हा सभेत नको.

ते सभेत शिरले आणि दारातच थबकले. मागची सतरंजी, जी सात वर्षं रिकामी अंथरली आणि रिकामी गुंडाळली जायची, ती भरली होती. वरच्या टोल्यातल्या सगळ्या बाया. पुढं अनुसयाबाई, मोकळे हात मांडीवर ठेवून.

येईल त्या साहेबाला सदाशिवराव सांगत आले होते, "वरच्या टोल्यातल्या बायाईले गावाच्या कामाची आस्था नाई. सभेले एक येत नाई." आणि सकाळी नऊला या बाया चढावर असायच्या, डोक्यावर गुंड घेऊन. सभेची नऊची वेळ ठेवली होती कोणी? त्यांनीच. ऊन व्हायच्या आत उरकावं म्हणून.

"मागचं इतिवृत्त वाचलं असं समजावं का?" प्रफुलनं विचारलं.

"काऊन समजावं?" अनुसयाबाई बोलल्या. "आमी मांगच्या सभेत नव्हतो. वाचा ना जी."

प्रफुलनं घाबरून सरपंचांकडं पाहिलं. सदाशिवरावांनी रजिस्टर त्याच्या हातून घेतलं आणि स्वतःच वाचलं. जिलबी वाचली, गोठा वाचला, सात हा आकडाही वाचला. मागच्या सतरंजीवर पदर तोंडाशी गेले. हसणं थांबेपर्यंत ते उभे राहिले. मग रजिस्टर प्रफुलला परत दिलं.

"प्रफुल, आजच्या सभेत लिहून घे. वरच्या टोल्यातल्या बाया सभेले काऊन येत नाई, हे सरपंचांनी सात वर्षांत एकदाबी विचारलं नाई. चूक सरपंचांची."

नत्थूजींनी कानामागं हात धरला. "म्हंजे हे दुसरी चूक झाली का जी?"

"नाई नत्थूजी, हे पहिली," सदाशिवराव म्हणाले. "जिलबी तं तिच्या मांगून आली."

प्रफुलनं तेही लिहून घेतलं.