कोकराच्या मानेवरची तार

ओसरी

चर्चच्या ओसरीत थॉमसिन गुर्ने अनवाणी उभी होती. अंगात साधा झगा, त्यावर पांढरी चादर, डोकं उघडं. लग्न झालेल्या बाईचे केस वेनहोल्ट गावात कुणी पाहत नाही. तिचे पिकलेत हे आजवर फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. आता डुकरं राखणाऱ्या हॉबलाही कळलं.

याच ओसरीत तिचं लग्न लागलं होतं. तेव्हाही सगळं गाव असंच कोंडाळं करून उभं होतं. लग्नाला आणि शिक्षेला दगडी ओसरी एकच पुरते.

चर्चचं काम बघणाऱ्या सेवकानं, लॅम्बर्टनं, तिच्या हातात पेटती मेणबत्ती दिली.

"घट्ट धरा बाई. विझली तर मला परत आत पळावं लागेल."

"विझू दे."

"असं कसं? पेटती हवी, असं चर्चच्या न्यायसभेनं सांगितलंय." मग जरा ओशाळून म्हणाला, "चला. आज तुम्ही पहिल्या. तुमच्यामागं क्रूस, मग पाद्रीबाबा, मग बाकीचे."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"झाली एकदाची हौस! आता पार क्रूसाच्याही पुढं!"


फळी

शांतीवरून भांडण झालं होतं. हसू नका, तसंच झालं होतं.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना पाद्रीबाबा एका छोट्या फळीचं चुंबन घेतात. तळहाताएवढी ती फळी, पांढऱ्या दगडाची, तिच्यावर कोकरू कोरलेलं. मग लॅम्बर्ट ती वेदीपुढच्या लाकडी जाळीतून बाहेर आणतो आणि प्रत्येकाच्या ओठांशी धरतो. हीच देवाची शांती. एकाच फळीला सगळ्यांचे ओठ लागतात, म्हणजे गावात कुणाचं कुणाशी वैर उरलं नाही. आधी पुरुष, मग बायका. बायकांत आधी कोण, हे देवानं सांगितलेलं नाही. ते गावाला माहीत असतं.

म्हातारी मार्जरी होती तोवर आधी मार्जरी, मग थॉमसिन. मार्जरी गेली. थॉमसिनच्या नवऱ्यानं, लोकरीच्या व्यापाऱ्यानं, नव्या बाकांसाठी ओकची झाडं दिली होती. तिनं मनातल्या मनात पुढच्या बाकावर सरकूनही पाहिलं होतं.

तेवढ्यात जमीनदाराच्या कारभाऱ्यानं दुसरं लग्न केलं. रोझशी. आणि रोझ कोण? थॉमसिनच्याच दूधघरात चीज वळणारी पोर. लोण्यात मीठ किती घालायचं हे थॉमसिननं तिच्या बोटाला धरून शिकवलं होतं.

लग्नानंतरच्या रविवारी लॅम्बर्टनं फळी आधी रोझपुढं धरली.


बाक (जे बसले होते ते सांगतात)

"हिसकावली तिनं!"

"हिसकावली कसली, मारली. माझ्या डोळ्यांदेखत. रोझच्या तोंडावर."

"मारली नाही गं, ओढताना लागली."

"ओढताना लागून दात हलतो होय?"

"आणि काय म्हणाली ठाऊक आहे? 'माझ्या घरचं ताक ढवळणारीचं उष्टं मी खाऊ?'"

"देवाच्या दारात!"

"पण खरं सांगू? कारभाऱ्यानं जरा घाईच केली लग्नाची."

"ते आहेच."

फळी खाली पडली. खाली थडग्याची फरशी होती. कोकराची मान तुटली.


संत

ईस्टरच्या आधीचा उपासकाळ चालला होता. या दिवसांत चर्चमधल्या मूर्ती झाकून ठेवतात. थॉमसिन मधल्या वाटेनं चालू लागली तेव्हा दोन्ही बाजूंना खांबांशी पांढऱ्या कापडात गुंडाळलेले संत उभे होते. ही मार्गारेट, हा निकोलस, ही कॅथरीन. अंधारातही ती त्यांना आकारावरून ओळखायची; मार्गारेटपुढं तिनं बाळंतपणात नवस केले होते.

तीही पांढऱ्यात, तेही पांढऱ्यात. फरक एवढाच की त्यांनी तोंडं झाकून घेतली होती.

फरशी थंडगार होती. मेण हातावर गळत होतं. तिनं हात हलवला नाही. नवऱ्यानं दिलेल्या बाकांपाशी आली तेव्हा तिला बाकाच्या टोकावर कोरलेली मेंढी दिसली आणि मेंढीजवळ नवऱ्याचा हात दिसला. हाताच्या वर तिनं पाहिलं नाही. तो आपल्या टोपीकडे पाहत होता, हे न बघताही तिला कळलं.


भिंत

जाळीपाशी तिला गुडघे टेकायला लावलं. तोंड लोकांकडे वळवण्याआधी तिनं एकदा वर पाहिलं. जाळीच्या वरच्या भिंतीवर जगाच्या शेवटच्या न्यायाचा दिवस रंगवलेला आहे. मेलेले थडग्यांतून उठताहेत, सगळे नागडे. पण राजाच्या डोक्यावर मुकुट तसाच आहे, बिशपच्या डोक्यावर त्याची उंच टोपी. लहानपणी तिनं आईला विचारलं होतं, कपडे गेले मग टोपी कशी राहिली?

"नाहीतर कळायचं कसं कोण कोण आहे ते?" आई म्हणाली होती.

आयुष्यभर हे उत्तर तिला पुरलं होतं. आज डोक्यावर काहीच नव्हतं.

ती वळली. सगळं गाव समोर.


जाळी

शिक्षा अशी होती: मिस्सा संपेपर्यंत गुडघ्यांवर राहायचं, एक शब्द बोलायचा नाही, शेवटी मेणबत्ती वेदीवर वाहायची. आणि शांतीची फळी आली की सगळ्यांच्या शेवटी, हॉबच्या बायकोच्याही नंतर, तिला ओठ लावायचे. न लावले तर ईस्टरचा प्रसाद नाही. ज्याला ईस्टरचा प्रसाद नाही त्याला गावात कुणी विस्तवही देत नाही.

शेवटी तर शेवटी. तिनं मनाची तयारी केली होती. रात्र रात्र जागून ती स्वतःला सांगत होती, सगळ्यांचं उष्टं, हॉबच्या बायकोचंही, आणि संपलं.

आत घंटी वाजली. जाळीचं दार उघडून लॅम्बर्ट बाहेर आला. फळी तीच होती. लोहारानं दोन्ही तुकडे जुळवून तांब्याच्या तारेनं बांधले होते. तार कोकराच्या मानेवरून गेली होती, दाव्यासारखी.

पुरुष झाले. नवऱ्यानं ओठ टेकवले आणि लगेच पुसले.

लॅम्बर्ट बायकांकडे वळला. पहिल्या बाकावर रोझ. तिच्या ओठावर अजून खपली होती. लॅम्बर्टनं फळी तिच्यासमोर धरली, तशी रोझ मागं सरकली, जशी दूधघरात दारातून कुणी आलं की सरकायची, आणि म्हणाली,

"आधी मालकीणबाईंना."





मग कारभारी पलीकडच्या बाकावरून दातओठ खात कुजबुजला, "मालकीणबाई कोण? अगं, तू कुणाची बायको आहेस?" कुजबुजणं उंच छताखाली सगळ्यांना ऐकू गेलं.

रोझचा हात तोंडावर गेला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली ती. थॉमसिननं ते पाहिलं आणि तिला नीट कळलं: हा टोमणा नव्हता. क्षमाही नव्हती. दूधघरातली ती सगळी वर्षं होती फक्त, जिभेवर राहून गेलेली. चीजचा पहिला तुकडा आधी मालकीणबाईंना. साय आधी मालकीणबाईंना. तोंड फुटलं, लग्न झालं, पहिला बाक मिळाला, तरी जीभ तिथंच.

लॅम्बर्ट मधेच अडकला. एकदा रोझकडे, एकदा जाळीतून आत, एकदा थॉमसिनकडे.

"आता काय करू?" तो आत बघून पुटपुटला.

आतून पाद्रीबाबांचा आवाज आला, "अरे, थांबू नकोस! शांती आहे ती, तापलेली कढई नव्हे. जिनं वाट दिली तिनं दिली. ने पुढं!"

कुणीतरी हसलं. लॅम्बर्ट चार पावलं चालून आला आणि त्यानं फळी थॉमसिनपुढं धरली.

बोलायची बंदी होती. पण मान हलवायची बंदी नव्हती. नको म्हणून मान हलवता आली असती. रोझकडे बोट दाखवता आलं असतं. एवढं साधं होतं, आणि रोझची लाज तिथंच धुतली गेली असती.

फळीला अजून एकाही बाईचे ओठ लागले नव्हते.

तिनं ओठ टेकवले. तारेचं टोक बोचलं. आणि त्या बोचण्याबरोबर तिच्या आत काहीतरी गरम, गोड असं वर आलं. चादरीत, अनवाणी, उघड्या डोक्यानं, सगळ्या गावासमोर गुडघ्यांवर असताना वर आलं: पहिली.

पहिली मी.

न्यायसभेनं चादर दिली, मेणबत्ती दिली, थंड फरशी दिली. त्यातल्या कशानंही तिला जे झालं नव्हतं ते आता झालं. तिला स्वतःचीच लाज वाटली. कुणी पाहिलं का? कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना दिसली ती एक शरमलेली बाई, शिक्षा नीट भोगणारी. मागच्या बाकावरच्या एकदोघींनी डोळेही पुसले.

फळी परत रोझकडे गेली. रोझनं मान खाली घालून ओठ लावले, नेमके तिथंच. मग दुसरी, मग तिसरी. हॉबच्या बायकोनं मोठ्ठा आवाज करत मुका घेतला.

मिस्सा संपली. थॉमसिननं मेणबत्ती वेदीवर वाहिली. पाद्रीबाबा खरंच भला माणूस. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"झालं गं बाई. फिटलं सगळं. ऊठ, डोक्यावर कापड घे. तुझा नवरा घेऊन उभा आहे."

नवरा तिचं डोक्याचं कापड दोन्ही हातांत धरून जाळीच्या दाराशी खरंच उभा होता.

ती उठली नाही. तोंडाच्या कोपऱ्यात 'पहिली मी'चं हसू अजून होतं, जायला तयार नव्हतं. नवरा जवळ आला तसे तिनं आपले पिकलेले मोकळे केस दोन्ही बाजूंनी पुढं ओढले आणि चेहरा झाकून घेतला.