रिकामं भांडं परत देऊ नये

माझा भाऊ लोवेल आणि त्याची बायको कॉरिन यांनी घराचं कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी फेडलं. गावात सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. पण मी पडले नणंद, तेव्हा माझ्या कौतुकात चिमूटभर मीठ जास्त असणारच.

कॉरिनला घराचं एवढं वेड का, ते आधी सांगते. तिच्या आईने पोरांना घेऊन अर्धं मिनेसोटा भाड्याच्या खोल्यांतून पालथं घातलं. एकदा कॉरिन शाळेतून घरी आली तर यांचं सामान बाहेर बर्फात, आणि आई गादीवर बसून सिगारेट ओढतेय. तेव्हापासून तिच्या मनात एकच. आपल्याला कुणी ‘निघा’ म्हणू शकणार नाही, असं घर हवं. लोवेलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने पक्कं ठरवलं, की हा माणूस धडधाकट आहे तोवर बँकेला घराबाहेर काढायचं.

मग काटकसर सुरू झाली. जानेवारीत त्यांच्याकडे गेलं तर कोट काढायची सोय नव्हती. हीटर जेमतेम चालू, कोट अंगावर ठेवूनच जेवायचं. प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन तळघरात दोरीवर वाळत घातलेल्या असायच्या. लोवेलचे केस तीच कापायची, त्यामुळे तो डाव्या बाजूने सतत दचकल्यासारखा दिसायचा. त्याने बोट विकली. आमच्याकडे तळ्याकाठच्या माणसाने बोट विकणं म्हणजे काय, ते तळ्याकाठच्यालाच कळेल. लोवेल मात्र हसून म्हणायचा, "मासे खूश आहेत बघ, ग्वेन."

आता भांड्यांचं. आमच्या चर्चमधल्या कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणी गेलं, की बायका हॉटडिश घेऊन जातात. खिमा, बटाटे, डब्यातलं सूप, वरून चीज, सगळं एका झाकणाच्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजलेलं. त्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. खाऊन झालं की भांडं घासायचं आणि परत करायचं. पण रिकामं परत करायचं नाही. काहीतरी घालूनच द्यायचं, अगदी चार बिस्किटं का होईनात. हे कुणी कुणाला शिकवत नाही, आणि भांडं परत मागायलाही कुणी जात नाही. मागणं म्हणजे समोरचीचा अपमान.

लोवेलच्या ऑपरेशननंतर अशी बरीच भांडी त्यांच्या घरी आली. सगळ्यात आधी आलं ते समोरच्या आर्डिसचं, पांढरं, निळ्या फुलांचं, काचेच्या झाकणाचं. आर्डिस तेव्हाच सत्तरी ओलांडलेली, आणि तिचा नवरा हार्लन स्वतः आजारी. तरी तो भर बर्फात तिच्या मागे काठी टेकत आला होता, भांडं घसरून पडू नये म्हणून लक्ष ठेवायला. ते भांडं तिच्या लग्नातलं.

कॉरिनने भांडी घासून तळघराच्या फळीवर ठेवली. परत करायची तर भरून करायला हवीत, आणि तेवढ्या भांड्यांत घालायचं काय? लोणी आहे, साखर आहे, अंडी आहेत, सगळ्याला पैसे पडतात. "हा महिना जाऊ दे," ती म्हणाली. मग पुढचा महिना गेला. मग भांड्यांपुढे नाताळचे डबे आले, डब्यांपुढे लोवेलच्या मासेमारीच्या पेट्या आल्या. पेट्या विकल्या तेव्हा तर भांडी फळीवर आहेत हेच तिच्या डोक्यातून गेलं होतं. असं तिचं म्हणणं. मी त्यावर काही बोलत नाही.

पुढच्या हिवाळ्यात हार्लन गेला. कॉरिन चर्चमध्ये आली, खालच्या हॉलमध्ये हॅमची सँडविचेस खाल्ली आणि घरी गेली. हॉटडिश नेला नाही. एक कार्ड दिलं. जुन्या कार्डाचं चित्र कापून नव्या कागदावर चिकटवलेलं.

या वर्षी तिने लायब्ररीतून एक पुस्तक आणलं, घरातला पसारा कसा काढावा यावर. त्यात म्हणे लिहिलं होतं, जी वस्तू वर्षभर हाताला लागली नाही ती आपली नाही. झालं. घरात जणू टोळधाड आली. गाद्या, दिवे, लग्न होऊन गेलेल्या पोरीचा पियानो, पाहुण्यांच्या ताटल्या, काही काही ठेवलं नाही. जून महिन्यात गॅरेज सेल लावला. शेवटच्या हप्त्यांना तेवढाच हातभार. लोवेलने तळघरातून खोकी वर आणायची, कॉरिनने किमतीचे स्टिकर लावायचे आणि मी पैशांच्या डब्यापाशी बसायचं, अशी आमची कामं. ती झाकणांवर भराभर स्टिकर लावत होती. एकही भांडं उलटं करून पाहिलं नाही.

दुपारपर्यंत बरीचशी भांडी गेली. एक तर शेजारच्या गावच्या एका पोराने नेलं. गाडीतून ऑइल गळतं, खाली ठेवायला हवं होतं म्हणाला.

मग आर्डिस आली. टेबलं बघत बघत, सावकाश. निळ्या फुलांच्या भांड्यापाशी थांबली. झाकण काढलं, भांडं उलटं केलं, पुन्हा सरळ ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. भांडं पोटाशी धरून आमच्यापुढे आली.

"केवढ्याला गं हे?"

"दोन डॉलर," कॉरिन म्हणाली. "लिहिलंय बघा वर."

"जड आहे. आता असली मिळत नाहीत."

"नाहीच मिळत. आणि फारसं वापरलेलंही नाही हो," कॉरिन म्हणाली.

आर्डिसने पाच डॉलरची नोट दिली. कॉरिनने भांडं वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं, उलटं केलं, आणि तिथे चिकटपट्टी होती. शाई फिकी झालेली, पण वाचता येत होती. आर्डिस एच. मलाही दिसली. मी बाई डब्यातली नाणी मोजायला लागले.

त्या क्षणी ती म्हणू शकली असती, अगं बाई, हे तर तुमचंच. माफी मागितली असती, हसली असती, रडली असती, काहीही चाललं असतं. पण तिचे हात थांबले नाहीत. तिने कागद पूर्ण गुंडाळला, टोकं नीट दुमडली, डब्यातून तीन डॉलर काढले आणि आर्डिसच्या हातावर ठेवले. वर विचारलं, "पिशवी देऊ का?"

"नको," आर्डिस म्हणाली. "पिशव्या तुला लागतात."

आणि रस्ता ओलांडून गेली.

कॉरिन खुर्चीत बसली ती बसलीच. चेहरा असा उतरला की एका गिऱ्हाईकाने तिला पाणी हवं का विचारलं.

"जा मागे पळत," मी म्हटलं.

"जाऊन काय सांगू?"

"खरं काय ते सांग."

"चोरलेलं भांडं ज्याचं त्यालाच विकलं, हे सांगू? आणि सुटे पैसेही चोख दिले, हे सांगू?"

"तू चोरलं नाहीस."

"मग काय केलं, ग्वेन? तू सांग ना."

ती त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशी जाईन म्हणाली. मग सगळा उन्हाळा ती कोपऱ्यावरची पत्रपेटी बघायला मागच्या दाराने निघून अख्ख्या घराला वळसा घालून जाऊ लागली, समोरच्या खिडकीतून दिसायला नको म्हणून. ज्या घरातून कुणी काढू नये म्हणून एवढा आटापिटा केला, त्याच घराच्या पुढच्या दारातून बाहेर पडायची तिला चोरी झाली.

ऑगस्टमध्ये शेवटचा हप्ता गेला. आणि लोवेल, उचलली जीभ लावली टाळ्याला, रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी पिताना सगळ्यांना म्हणाला, "शनिवारी या आमच्याकडे. कर्जाचा कागद जाळायचाय. आमच्या बाबांनी जाळला होता, तसाच." आमच्याकडे हे पूर्वी करायचे, हल्ली कुणी करत नाही, कारण हल्ली कुणाचं कर्ज फिटत नाही. येणाऱ्याने आपापलं काहीतरी करून आणायचं, हे सांगायलाच नको.

गाडीत बसल्यावर कॉरिन त्याला म्हणाली, "समोर पण बोलावलंस?"

"आर्डिसला? मग? तिलाच तर आधी सांगितलं."

शनिवारी अंगणात टेबलं मांडली. ताटल्या चर्चमधून आणल्या, कारण घरात दोनच उरल्या होत्या. कॉरिनने अस्सल कागद कपाटात ठेवला आणि जाळायला त्याची झेरॉक्स दिली. पाद्रीबाईंना हसू आवरेना. लोवेलने कॉफीच्या रिकाम्या डब्यात ती पेटवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी म्हणालं, "नशीबवान आहात." कॉरिनला तिकडे लक्ष देता येत नव्हतं. कारण आर्डिस आली होती, आणि तिच्या हातात निळ्या फुलांचं भांडं होतं. खाली फडकं, आत जंगली तांदळाचा गरम हॉटडिश.

तिने ते टेबलाच्या मधोमध ठेवलं.

लोवेल ताटली घेऊन आला आणि वाकून बघायला लागला. "कॉरिन, अगं आपल्याकडे अगदी असंच होतं की नाही? आपण विकलं बघ ते."

बायका भांड्याकडे बघायला लागल्या. सगळ्यांना माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण गाव केवढं, आणि टेबल केवढं.

"अशी भांडी घरोघरी असतात, लोवेल," आर्डिस म्हणाली. "तू खा. गार होईल."

तिने झाकून घेतलं, आणि कॉरिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत दोन शब्द सुनावले असते तर परवडलं असतं, असं ती मला नंतर म्हणाली. त्या दिवशी तिने त्या भांड्यातलं वाढून घेतलं आणि ताटली हातात धरून उभी राहिली. एक घासही खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चहून परत येताना तिने दुकानात गाडी थांबवली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा सवलतीची चिठ्ठी न देता खरेदी केली. चांगला खिमा, चांगलं चीज. घरात उरलेलं एकमेव भाजायचं भांडं, कोपऱ्याला पोचा आलेला एक पत्र्याचा ट्रे, त्यात हॉटडिश केला. मग पुढच्या दाराने बाहेर पडली आणि रस्ता ओलांडला. पुढचं तिनेच मला सांगितलं आहे, तसंच सांगते.

आर्डिसने दार उघडलं. कॉरिनने एका हाताने ट्रे सावरत दुसऱ्या हाताने दोन डॉलर पुढे केले.

"हे तुमचे. भांडं तुमचंच होतं. मी स्टिकर लावताना बघितलं नव्हतं. पण पैसे घेताना बघितलं होतं."

"माहितीय मला."

"तरी घेतले मी."

"तेही माहितीय. मी समोरच उभी होते ना." आर्डिसने दोन डॉलर घेतले आणि एप्रनच्या खिशात ठेवले. "घेते. नाही घेतले तर तू रोज घेऊन येशील."

कॉरिन म्हणाली, "माझी खूप चूक झाली, आर्डिस. भरून द्यायचं म्हणून राहिलं आणि मग..."

"भांड्याचं काय एवढं," आर्डिस म्हणाली. "भांडं मिळालं मला." मग म्हणाली, "हार्लन गेला ना, तेव्हा मी त्या खिडकीत बसायची. लोक येत होते. मी म्हणायची, समोरून कॉरिन येईल. तुमच्याकडचा दिवा दिसायचा. मला वाटायचं, आता येईल."

कर्ज फेडायचं होतं, हे त्या दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. ट्रेचा चटका फडक्यातून तिच्या हाताला लागत होता.

"ठेव ते आत," आर्डिस म्हणाली. "भाजेल तुला."

सोमवारी सकाळी कॉरिनचा फोन आला, ये म्हणाली. गेले तर स्वयंपाकघरात टेबलापाशी बसलेली. त्या घरात आता वस्तू एवढ्या कमी, की पाऊल टाकलं तरी घुमतं. टेबलावर तो पोचा आलेला ट्रे. घासून लख्ख केलेला, आत सफरचंदाच्या वड्या, अजून कोमट. सकाळी दार उघडलं तर पायरीवर होता म्हणे.

"उचलून खालून बघ," ती म्हणाली.

मी ट्रे जरा कलता केला. बुडाला नवी कोरी चिकटपट्टी होती, आणि थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, कॉरिन टी.

"हरवू नये म्हणून लावलंय तिने," मी म्हटलं.

"एका रात्रीत, ग्वेन," कॉरिन म्हणाली. "तिने एका रात्रीत परत केलं."

मी एक वडी घेतली. तिला दिली तर तिने घेतली नाही.